मागे पडणाऱ्या मुलासाठी मदत मागताना : शिक्षकाची चिठ्ठी कशी असावी आणि कुणाकडे जावी

“विद्यार्थी अभ्यासात मागे. लक्ष नसते. पालकांचे दुर्लक्ष. तपासणी व्हावी.”

गट साधन केंद्रात, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या शिक्षण खात्याच्या केंद्रात, विशेष शिक्षक म्हणून काम करताना अशा चिठ्ठ्या मी ढिगाने वाचल्या आहेत. लिहिणाऱ्याची कळकळ खरी असते, नाहीतर साठ मुलांच्या वर्गातून वेळ काढून त्यानं कागद हाती घेतलाच नसता. पण या चार वाक्यांवरून पुढच्या माणसाला काहीच करता येत नाही. मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, कानाच्या डॉक्टरकडे, मानसशास्त्रज्ञाकडे, की आधी घरी जाऊन आईशी बोलायचं? मग चिठ्ठी शाळेकडे परत जाते, मधे दिवाळीची सुट्टी लागते आणि मुलाचं एक सत्र हातचं जातं.

आता त्याच मुलाबद्दलची दुसरी चिठ्ठी बघा. “चौथीत आहे. धडा वाचून दाखवला तर तोंडी उत्तरं बरोबर देतो. स्वतः वाचताना एकेक अक्षर लावतो, पाच ओळींना सात-आठ मिनिटं लागतात. काना-मात्रा गाळतो. फळ्यावरचं उतरवताना शब्द सुटतात, पुस्तकातलं उतरवताना कमी सुटतात. जुलैपासून रोज पंधरा मिनिटं जवळ बसवून वाचून घेतलं. अक्षरं पक्की झाली, वेग वाढला नाही. हजेरी चांगली. घरी मराठीच बोलतात.”

या चिठ्ठीत निदान नाही. एकही अवघड शब्द नाही. तरी ती हातात पडताच मला दोन गोष्टी कळतात. फळा आणि पुस्तक यांत फरक पडतोय, म्हणून आधी डोळे तपासायचे. डोळे ठीक निघाले, तर तोंडी हुशार आणि वाचनात अडखळणाऱ्या या मुलाची विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांत अडचण येण्याच्या) अंगानं चाचणी करून घ्यायची. मूल गैरहजर नव्हतं, घरची भाषा वेगळी नव्हती, शिक्षकानं स्वतः प्रयत्न केला होता, हेही कळलं. माझा निम्मा महिना वाचला, आणि मुलाचाही.

मुलाला पुढच्या मदतीकडे पाठवण्याला सरकारी भाषेत संदर्भ सेवा म्हणतात, बोलताना आपण ‘रेफर केलं’ म्हणतो. त्यात शिक्षकाच्या वाट्याला येतं ते एवढंच : जे दिसलं ते, जसं दिसलं तसं, तारखेनिशी लिहिणं. ‘मंद आहे’, ‘हायपर आहे’, ‘डिस्लेक्सिया वाटतो’ ही आपली मतं झाली. ‘गणिताच्या तासाला दहा मिनिटांत चार वेळा जागेवरून उठला’ ही नोंद झाली. मत खोडता येतं, नोंद खोडता येत नाही. डॉक्टरला मूल अर्धा तास दिसतं, तेही घाबरलेलं. तुम्हाला ते वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस दिसतं. ही माहिती तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे नाही.

आधी डोळे, कान आणि भाषा

मोठमोठ्या चाचण्यांच्या आधी या तीन गोष्टी बघाव्यात, असा माझा आग्रह आहे. यांत घाई झाली की मुलाला भलतंच लेबल चिकटतं.

डोळ्यांचं दुखणं मूल सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच धूसर दिसतं असं त्याला वाटत असतं. शेजारच्याच्या वहीतून उतरवणं, डोळे बारीक करणं, फळ्याजवळ उठून जाणं, शेवटच्या तासाला डोकं दुखणं, एवढं लिहिलंत तरी पुरे.

कानाचं त्याहून फसवं असतं. पावसाळ्यात कान फुटलेली मुलं वर्गात असतातच. कान वाहत नसला तरी सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येतं, आणि ते कमी-जास्त होत राहतं. त्यामुळे मूल एके दिवशी सगळं ऐकतं, दुसऱ्या दिवशी हाकेला ओ देत नाही, आणि आपण म्हणतो, ‘मनात असेल तेव्हा बरोबर ऐकू येतं याला.’ मूल दुसऱ्या कामात असताना पाठीमागून हळू आवाजात त्याचं नाव घेऊन बघा. बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघतं का, ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’ यांत सारखं गोंधळतं का, हेही टिपा.

आणखी एक गोष्ट मी नेहमी विचारते : मूल अधूनमधून काही सेकंद एकदम थांबतं का? बोलता बोलता नजर स्थिर होते, हाक मारली तरी कळत नाही, आणि लगेच काही झालंच नाही अशा थाटात पुढे सुरू. आपण त्याला तंद्री म्हणतो. दिवसातून अनेकदा होत असेल, तर तो अपस्माराचा, म्हणजे फिटचा, एक प्रकार असू शकतो आणि त्यावर औषध आहे. किती वेळा झालं, किती सेकंद टिकलं, हाक मारल्यावर काय झालं, हे तीन-चार दिवस लिहून ठेवलंत तर डॉक्टरला फार मोठी मदत होते. एका पाचवीतल्या मुलीला ‘स्वप्नाळू’ म्हणून तीन वर्षं ओरडा बसत होता. तिच्या नव्या शिक्षिकेनं वहीच्या मागच्या पानावर नुसत्या खुणा केल्या, एका दिवसात चौदा. त्या पानामुळे तिला त्याच महिन्यात उपचार मिळाले.

नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत शिकवत असाल तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार डोक्यात ठेवा. हातपाय दुखतात म्हणून वारंवार घरी राहणारं, चटकन थकणारं मूल कामचुकार असेलच असं नाही.

आणि भाषा. मेळघाटात कोरकू, सातपुड्यात भिली किंवा पावरी, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, तांड्यावर गोरमाटी बोलणारं मूल पहिलीत येतं आणि सहा महिने तोंड उघडत नाही. ते अक्षम नसतं, ते अजून मराठी ऐकत असतं. त्याच्या भाषेत त्याच्याशी बोलणारा कुणी, अंगणवाडीताई, वरच्या वर्गातली बहीण, जवळ बसवून बघा. स्वतःच्या भाषेत ते भरभर गोष्ट सांगत असेल, तर त्याला दवाखान्याची गरज नाही, दोन भाषांत शिकवणाऱ्या शिक्षकाची आहे.

गणितातलंही एक सांगते. ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहिणारी मुलं पहिली-दुसरीत भरपूर असतात, कारण आपल्या मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचन आलं तेव्हा जो गदारोळ झाला, त्याच्या मुळाशी हीच अडचण होती. दुसरीत ही चूक साधी आहे. चौथीत, सरावानंतरही, रोजच्या रोज तीच होत असेल तर ती नोंदीत यायला हवी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून मात्र कुणालाही रेफर करू नका. त्या तुमच्या-माझ्याही होतात.

कोणती चिठ्ठी कुठे जाते

शरीराशी संबंधित काहीही असेल तर वाट आरोग्य खात्याकडे जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं फिरतं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मजात दोष, आजार, पोषणाची कमतरता आणि विकासातला उशीर अशा तीस प्रकारच्या गोष्टी ते बघतात. गरज पडली तर मूल ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं, आणि हे सगळं मोफत असतं. पथक येण्याच्या दिवशी शंभर-दीडशे मुलं रांगेत असतात. त्या गर्दीत तुमच्या मुलाकडे दोन मिनिटांपेक्षा जास्त लक्ष जावं असं वाटत असेल, तर पाच-सहा नावांची नोंदीसह यादी आधीच तयार ठेवा आणि डॉक्टरांच्या हातात द्या. पथक मागच्याच महिन्यात येऊन गेलं असेल तर पुढच्या वर्षाची वाट बघू नका. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र घेऊन पालकांना सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा.

शिकण्याशी संबंधित अडचण असेल तर चिठ्ठी मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांमार्फत गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकाकडे येते. शहरात हेच काम शहर साधन केंद्र करतं. ही व्यवस्था समग्र शिक्षा अभियानाची आहे. आम्ही शाळेत येतो, मुलाला बघतो, शिक्षकाला वर्गात करायच्या गोष्टी सांगतो, लागलं तर तपासणी शिबिरात नेतो. ब्रेल साहित्य, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, मदतनीस आणि प्रवास भत्ता हे सगळं याच वाटेनं येतं. त्यासाठी यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीत, मुलाची नोंद बरोबर हवी. ती चुकली की मूल आमच्या यादीतच येत नाही.

आता तुमच्या मोबाइलमध्ये एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ हे ॲपही आहे, २०२२ मध्ये आलेलं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत, त्यांना धरून ही प्राथमिक चाचपणी केलेली आहे. पहिला भाग वर्गशिक्षकानं भरायचा असतो. भरून घ्या, पण त्याचा निकाल पालकांना निदान म्हणून सांगू नका. पुढे तपासायला हवं की नको, एवढंच त्यातून कळतं.

मूल मागे पडण्याचं कारण शाळेबाहेर असेल तर दार वेगळं. बाप गेला आणि आई मजुरीला जाते म्हणून धाकट्याला सांभाळत घरी बसणाऱ्या मुलीला कितीही वाचन सराव दिला तरी काय होणार? तिच्यासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपयांची. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचं मूल दिवाळीला जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतं. त्याच्या वाचनातली अडचण मेंदूत नाही, गेलेल्या पाच महिन्यांत आहे. जाण्यापूर्वी त्याला शिक्षण हमी कार्ड द्या, किंवा गावात हंगामी वसतिगृह असेल तर ते मागे राहील असं बघा. परत आल्यावर चाचणी घेण्याआधी त्याला दोन महिने शिकू द्या.

अध्ययन अक्षमता : लांबची वाट

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

महाराष्ट्रानं १९९६ मध्येच अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. केंद्राच्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली ती थेट २०१६ मध्ये. त्याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे अशा मुलांना लवकरात लवकर ओळखून त्यांच्यासाठी शिकवण्याची योग्य पद्धत वापरणं हे शैक्षणिक संस्थांचं काम ठरवलं आहे. तेव्हा तुम्ही चिठ्ठी लिहिता ती कुणावर मेहेरबानी म्हणून नाही.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पहिली चाळणी तिसरीत, म्हणजे साधारण आठव्या वर्षी, शिक्षकानंच लावायची आहे. त्याआधी प्रमाणपत्र मिळत नाही, कारण सहा वर्षांचं मूल अडखळत वाचत असेल तर ते नुसतं शिकत असण्याचीच शक्यता जास्त. पुढे रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ डोळे-कान आणि इतर आजार तपासतात, मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यंक काढतात, आणि मग बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं तयार केलेली वाचन-लेखन-गणिताची चाचणी होते. प्रमाणपत्र मिळालं तरी चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असते. दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राचा अर्ज ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर भरावा लागतो, आणि पालकांना तो भरून द्यायला शाळेनं मदत करावी. ग्रामपंचायतीतल्या किंवा बाहेरच्या केंद्रावर चुकीचा प्रकार टाकून आलेले अर्ज मी पाहिले आहेत. एका चुकीपायी कुटुंबाला शंभर किलोमीटरच्या दोन फेऱ्या पडतात.

हे सगळं एका खेपेत होत नाही. मानसशास्त्रज्ञाची तारीख मिळायलाच कित्येक आठवडे जातात. म्हणून दहावीच्या जानेवारीत धावाधाव करू नका. वाढीव वेळ, लेखनिक, गणकयंत्र, विषयातली सूट यांपैकी जे मुलाच्या प्रकाराला लागू असेल, त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे वेळेत जायला हवा. आठवीत सुरुवात केली तर मूल नववीत सवलतीसह परीक्षा देऊन बघतं. लेखनिकाला उत्तर सांगणं हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते आयत्या वेळी जमत नाही.

प्रमाणपत्र येईपर्यंत वर्गात काहीच करायचं नाही, असा समज मात्र पुसून टाका. तोंडी उत्तर ऐकून घेणं, प्रश्न वाचून दाखवणं, फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील कागद देणं, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला उभं न करणं, यांतल्या एकाही गोष्टीला कुणाची परवानगी लागत नाही. आजपासून करता येतं.

घरी काय सांगायचं

पालकांच्या संमतीशिवाय चिठ्ठी पुढे जाऊ नये. आणि ही संमती मिळवण्यातच अनेक शिक्षक हरतात, कारण बोलणं पालकसभेत, चारचौघांत होतं.

एक आई मला थेट म्हणाली होती, “मॅडम, आमचं पोरगं येडं हाय, असंच म्हणायचंय ना तुमाला?” तिच्या मागे सासूबाई उभ्या होत्या. अशा वेळी मी नोंदवही उघडते आणि आधी मुलाला येतं ते सांगते. “नाही ताई. परवा त्यानं वर्गातला बंद पडलेला पंखा कुठे सैल झालाय ते दाखवलं. गोष्ट ऐकली की शब्दन् शब्द सांगतो. पण वाचायला लागला की अक्षरं त्याला धरता येत नाहीत, हे बघा त्याचं पान. हे का होतंय ते डॉक्टर सांगतील. आपण दोघी जाऊ.” शेवटच्या तीन शब्दांनी जितकं काम होतं तितकं कुठल्याच माहितीपत्रकानं होत नाही. पहिल्या खेपेला शक्य असेल तर सोबत जा, किंवा आशाताईंना सोबत द्या.

शिक्का बसेल, पुढे लग्नाला अडचण येईल, ही भीती बापाच्या मनात असते आणि ती खोटी नाही. तिला उत्तर एकच, गुप्तता. मुलाचं नाव, फोटो, तपासणीचा कागद शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. ‘माहितीस्तव’ म्हणूनही नाही. केंद्रातून यादी मागितली तर ती ज्याला हवी त्यालाच पाठवा.

नकार आला तर भांडू नका. महिनाभर वर्गात काम चालू ठेवा, नोंद चालू ठेवा आणि पुन्हा बोलवा. माझ्या अनुभवात तिसऱ्या भेटीला बहुतेक आया तयार होतात.

जिथे थांबायचं नाही

वर सांगितलेलं सगळं सबुरीचं काम आहे. दोन गोष्टींत सबुरी चालत नाही.

मुलानं मरण्याबद्दल बोललं, लिहिलं, किंवा स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसल्या, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी पालकांना बोलावून घ्या. टेली मानस ही शासनाची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. शिक्षकही तिथे फोन करून सल्ला मागू शकतो.

दुसरी गोष्ट लैंगिक अत्याचाराची. हसरं मूल अचानक गप्प होणं, एखाद्या माणसाला किंवा जागेला घाबरणं, अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागणं, या खुणा वेगळ्या कारणांच्याही असू शकतात. पण मुलानं सांगितलं किंवा तुम्हाला तसा संशय आला, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी शाळेत चौकशी करू, खात्री करून घेऊ, संस्थाचालकांना विचारू, असला टप्पा कायद्यात नाही, आणि न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. मुलाला पुन्हा पुन्हा तेच विचारू नका. त्यानं वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, सोबत बसा. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

चिठ्ठी गेल्यावर

चिठ्ठी दिली म्हणजे आपलं काम संपलं असं वाटू लागतं, आणि इथेच बहुतेक मुलं हरवतात. आईची तारीख चुकते, मजुरी बुडते म्हणून दुसऱ्यांदा जाणं होत नाही, चष्मा येतो पण पोरं चिडवतात म्हणून दप्तरातच राहतो. नोंदवहीत प्रत्येक मुलापुढे तीन रकाने आखा : कुठे पाठवलं, काय झालं, पुढची तारीख. महिन्यातून एकदा, पगाराच्या आठवड्यात म्हणा, ते पान उघडा. उत्तर आलं नसेल तर मला फोन करा. मी विसरले असेन, असं होतं. माझ्याकडेही एका वेळी कितीतरी शाळा असतात, आणि जो शिक्षक पुन्हा विचारतो त्याच्या मुलाची फाइल वर येते.

जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथीला किंवा पाचवीला संपतात. मूल माध्यमिकला जातं आणि तिथे सगळं पहिल्यापासून सुरू होतं, ‘लक्ष नसते’ इथपासून. शाळा सोडल्याचा दाखला देताना पालकांच्या हातात नोंदींची प्रत आणि तपासणीच्या कागदांची झेरॉक्स एका पाकिटात घालून द्या. पाकिटावर मुलाचं नाव, आणि खाली तुमचा फोन नंबर.